अंकुशचा ऊस आधी, हणमंतचा शेवटी

लातूर-नांदेडच्या कॉलेजांत मला वर्षातून चार-पाच वेळा भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो : 'माहिती तंत्रज्ञानात यशस्वी करिअर कसे घडवावे'. फ्लेक्सवर माझा फोटो असतो. त्यात मी हाताची घडी घालून क्षितिजाकडे बघतोय. वास्तविक तो फोटो पुतण्याच्या लग्नात काढलाय आणि मी जेवणाची पंगत कधी उठते ते बघतोय. पण कापून लावल्यावर माणूस दूरदृष्टीचा दिसतो.

भाषणात मी सांगतो, मेहनत करा, इंग्रजी सुधारा, रोज नवीन काहीतरी शिका. पोरं लिहून घेतात. मी लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलो, नांदेडला कॉम्प्युटरचा कोर्स केला, पुण्याला अकरा महिने राहून परत आलो आणि इथंच राहून चार साखर कारखान्यांची सॉफ्टवेअरं केली, हे सगळं खरं आहे. फक्त ते कसं झालं, हे मी कॉलेजात सांगत नाही. दिवाळी अंकाचा वाचक वयानं मोठा आणि स्वभावानं सोशीक असतो, म्हणून इथं सांगतो.

आधी धंदा समजावून देतो. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर म्हणजे फार गूढ काम. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात सॉफ्टवेअर म्हणजे रांग लावणं. कोणाला आधी घ्यायचं आणि कोणाला नंतर, एवढंच माणसाला यंत्राकडून हवं असतं. आणि यंत्र बसवून झालं की लगेच दुसरी गोष्ट हवी असते : रांग मोडायची सोय.

माझं पहिलं गिऱ्हाईक कंधारचे एक डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात नंबरावरून रोज भांडणं व्हायची. मी त्यांना पेशंटच्या नंबराचं सॉफ्टवेअर करून दिलं. आठ दिवसांनी बोलावणं आलं.

"चांगलं चाललंय," डॉक्टर म्हणाले, "पण आमच्या सासुरवाडीची माणसं आली की काय करायचं?"

"नंबरानं घ्यायचं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझं अजून लग्न झालेलं नाही हे त्यांना कळल्याचं मला कळलं. मग मी एक बटण करून दिलं. त्याचं नाव 'पाव्हणे'. ते दाबलं की पेशंट वरती. महिन्याभरात अख्खा तालुका डॉक्टरांचा पाव्हणा झाला. त्यांनी मला पुन्हा बोलावून 'जवळचे पाव्हणे' असं दुसरं बटण करून घेतलं. तिसरं मागायच्या आत मी लातूरला आलो.

लातूरला आल्यावर कारखान्याचं काम मिळालं. कारखाना कुठला ते विचारू नका, चेअरमन अजून आहेत आणि मला दिवाळीला फराळ पाठवतात.

उसाचं एक असतं. कापूस घरात ठेवता येतो, सोयाबीन पोत्यात ठेवता येतं. ऊस रानातच उभा राहतो आणि कारखान्याची टोळी येऊन तोडेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात काही नसतं. वेळेवर गेला तर वजनदार. उशिरा गेला तर त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो, सरपण होतो. म्हणून कोणाचा ऊस कधी तुटणार, हा आमच्याकडं देवादिकांनीही हात लावू नये असा प्रश्न. नियम साधा : ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. ऊस लावला की शेतकऱ्यानं कारखान्यात लागणीची तारीख नोंदवायची.

ती नोंद घेणाऱ्या आणि तोडचिठ्ठी वाटणाऱ्या माणसाला स्लिपबॉय म्हणतात. आमच्या गटाचे, म्हणजे आसपासच्या काही गावांचे, स्लिपबॉय मन्मथप्पा पन्नाशीचे होते. कपाळाला विभूती, खांद्याला पिशवी, मोटारसायकल अशी, की ती येण्याआधी तिचा आवाज गावात चहा ठेवायला सांगायचा. रांग त्यांच्या पिशवीत होती. मन्मथप्पांना ज्या घरी हुरडा मिळाला त्या घरचा ऊस लवकर पिकायचा.

चेअरमनना हे बंद करायचं होतं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मला असं पाहिजे, की कोणाला बोलायला जागाच राहिली नाही पाहिजे. पाव्हणे-बिव्हणे काही नाही."

पाव्हण्यांची कीर्ती कंधारहून इथवर आली होती. मी म्हटलं, एकही बटण ठेवत नाही.

आणि खरंच ठेवलं नाही. लागणीच्या तारखेनं रांग, संपला विषय. पण प्रोग्राम लिहिताना एक अडचण आली. एकाच तारखेची दोन माणसं आली तर काय, हे यंत्राला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते मनाला येईल ते करतं. याचा विचार करायला हवा होता. पण दीड वाजला होता आणि कॅन्टीनमध्ये त्या दिवशी धपाटे होते. समोर 'नाव' हा रकाना दिसला. मी लिहिलं, तारीख सारखी असेल तर नावाच्या क्रमानं घे. आणि जेवायला गेलो. अशी माणसं किती असणार? दहा? पंधरा?

इथं मी, लोहा तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा, जे विसरायला नको होतं ते विसरलो. लागणीच्या नोंदी एका ठरलेल्या दिवशी सुरू होतात. आणि लवकर तोड पाहिजे असलेला एकही माणूस त्या पहिल्या दिवसाखेरीज दुसरी तारीख सांगत नाही. कागदावर आमच्या गटातल्या सगळ्या माणसांनी एकाच दिवशी, एकाच सूर्याखाली ऊस लावला होता. मन्मथप्पांच्या काळात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाचं बिघडत नव्हतं, कारण तारखेला कोणी विचारतच नव्हतं.

हंगाम सुरू झाला. पहिल्या आठवड्यात अंकुश, अंगद आणि अंबादास यांचे ऊस गेले. मग अच्युत आणि अनंत. लोकांनी सुरुवातीला कौतुक केलं. चेअरमनचा सख्खा मेव्हणा सुधाकर, त्याचा नंबर कुठंतरी खाली, हे बघून तर लोकांना गहिवरून आलं. मला फोन आले. पेपरात छोटी बातमी आली.

त्याच आठवड्यात हणमंत तात्या माझ्याकडं आले.

हणमंत तात्या म्हणजे त्या गटातला उसाचा पैलवान. कारखान्याच्या प्रदर्शनात दर साली त्यांचा ऊस पहिला यायचा. धोतर, वर स्वच्छ बंडी, मोजकं बोलणं. त्यांनी माझ्या टेबलावर दोन ऊस आडवे ठेवले. मॉनिटर जरा मागं सरकवला.

"मोजा," म्हणाले.

"काय मोजू?"

"कांड्या. ह्यो माझा. ह्यो अंगदाचा, काल तुटला. दोघांची तारीख एकच लावलीया कागदावर."

मी मोजल्या. तात्यांच्या उसाला चौतीस कांड्या, अंगदाच्या उसाला एकोणतीस.

"ऊस कांडी कांडीनं वाढतो सायब. माझा पाच कांड्या म्होरं हाय. म्या खरंच त्या दिवशी लावला. अंगदानं दीड महिन्यानं लावला आन् तारीख माझी सांगितली. सगळ्यांनी माझीच सांगितली. मंग माझा कामून मागं?"

मला तेव्हा खरंच कारण माहीत नव्हतं. आपण लिहिलेला प्रोग्राम आपल्याला आठवत नाही, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. मी कीबोर्डाकडं बघत म्हटलं, "तात्या, हे कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या हातात काही नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं. माझी पुढची सगळी कारकीर्द या वाक्यावर उभी आहे.

तात्यांनी मॉनिटरकडं आदरानं बघितलं. ऊस तिथंच ठेवून गेले. संध्याकाळी मन्मथप्पांनी तात्यांचा ऊस सोलून खाल्ला. "खरा हाय," म्हणाले. "गोडी सांगतीय."

मन्मथप्पा त्या काळात रिकामे होते. त्यांची पिशवी गेली होती, चहा गेला होता. ते माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि भिंतीवर लावलेल्या याद्या वाचायचे. लोकांनी एव्हाना नाना तर्क काढले होते. कोणी म्हणे कॉम्प्युटर चेअरमनच्या गटाचा आहे. कोणी म्हणे दिल्लीहून हुकूम येतो. एकानं तर माझ्या दारात नारळ फोडला. संक्रांत आली तेव्हा तुटत होते माणिक, माधव, मारुती. आमच्या भागात माधव आणि मारुती इतके आहेत, की यादी तिथंच महिनाभर अडकून पडली.

एका दुपारी मन्मथप्पा यादीवरून बोट फिरवताना थांबले. वळून माझ्याकडं बघितलं. असं समाधान मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच बघितलंय.

"सायब, तुमचा कॉम्प्युटर बाराखडी शिकून राहिला का?"

मी उठून यादी बघितली. मग प्रोग्राम उघडला. ती ओळ तिथंच होती. मला धपाट्यांचा वासही आठवला.

"एक ओळ हाय का?" मन्मथप्पा मागून वाकून बघत होते.

"एकच."

"मंग बदला की."

बदलता आली असती. पाच मिनिटांचं काम. पण ती बदलायची तर चेअरमनना सांगावं लागणार होतं, की साहेब, तुमच्या पारदर्शक कारभारात अर्धा ऊस मुळाक्षरांनी तोडलाय. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या दोन कारखान्यांची माणसं माझं सॉफ्टवेअर बघायला येणार होती. मी मन्मथप्पांना म्हटलं, हंगामाच्या मध्ये यंत्रणेत बदल करणं धोक्याचं असतं. हे वाक्यही आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतं.

"हाव का," मन्मथप्पा म्हणाले. आणि चप्पल घालून बाहेर पडले. त्यांना आता माझ्यापेक्षा महत्त्वाचं काम मिळालं होतं.

तात्या दुसऱ्यांदा आले ते त्यानंतर दोनच दिवसांनी. आता मला कारण माहीत होतं. मी कीबोर्डाकडं बघितलं आणि तेच वाक्य म्हटलं. तिसऱ्यांदा आले होळीनंतर. त्यांच्या उसाला तुरे आले होते, लांबून पांढरं कणीस दिसायचं. ज्यांचे ऊस राहिले होते त्यांतल्या काहींनी रान पेटवून दिलं, कारण जळका ऊस कारखान्याला लगेच न्यावा लागतो. तात्यांनी पेटवला नाही.

"मी लावलेला मी जाळू का?" त्यांनी विचारलं. यावर कॉम्प्युटरचं काही मत नव्हतं. मी पुन्हा खाली बघून तेच वाक्य बोललो.

पाडव्यानंतर टोळ्या गावाकडं परत गेल्या, कारखाना बंद झाला. शेवटी राहिले ते हरिबा, हणमंत आणि एक हिरामण. तात्यांनी चौतीस कांड्यांचा तो ऊस तोडून जनावरांना घातला. एक साल मग त्यांनी रानात ऊस लावलाच नाही. ज्या माणसाचा ऊस प्रदर्शनात मधोमध उभा असायचा, त्यानं ज्वारी पेरली. मी मात्र त्या उन्हाळ्यात शेजारच्या दोन्ही कारखान्यांची कामं घेतली. त्यांना माझं सॉफ्टवेअर आवडलं ते एकाच गोष्टीसाठी : तक्रार करायला माणूसच नव्हता.

आता मन्मथप्पांचं काम. त्यांनी गुपित फुकट वाटलं, फक्त चहावर. हॉटेलच्या बाकड्यावर बसून ते एकेकाला सल्ला द्यायचे. "विठ्ठल, तुजं काय खरं न्हाई. बायकोचं नाव काय? अंजना? मंग नोंद तिच्या नावानं लाव की येड्या." पण ज्याच्या नावानं नोंद, त्याच्या नावावर रान पाहिजे, असा कारखान्याचा नियम. त्यामुळे पुढच्या नोंदीच्या आधी आमच्या गटात काय झालं असेल? शिवाजी, संभाजी, सुधाकर, विठ्ठल, सगळे तलाठ्याच्या दारात. अंजनाबाई, अनुसयाबाई, आशाबाई, इंदूबाई यांची नावं सात-बाऱ्यावर चढली. ज्यांच्या बायकोचं नाव सरूबाई होतं त्यांनी आईच्या नावावर केलं. तलाठी मला भेटला तेव्हा म्हणाला, "काय सुधारणा झालीय हो तुमच्या भागात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं." मी त्याच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला गेलो नाही.

दोन वर्षांत कारखान्याच्या खातेदारांत बायकाच बायका दिसायला लागल्या. कुठूनशी पाहणीला माणसं आली, फोटो काढून गेली. आणि वार्षिक सभेत माझा सत्कार ठरला : 'संगणकाच्या माध्यमातून महिला सक्षमीकरण'. तो हार मी घालून घेतला. सांगतोय ना, यशस्वी करिअर.

सभेत चेअरमन भरभरून बोलले. मग महिला खातेदारांना साड्या वाटायचा कार्यक्रम होता. नावं पुकारायला माझ्याच सॉफ्टवेअरनं काढलेली यादी घेतली. अंजनाबाईपासून सुरुवात झाली. मंडपात ऊन वाढत गेलं. कमलाबाईपर्यंत चेअरमन उभे होते, मंगलबाईला ते खाली बसले, शांताबाईच्या वेळी जेवायला उठले. शेवटचं नाव आलं तेव्हा स्टेजवर मी आणि साड्यांची रिकामी खोकी उरलो होतो.

"हौसाबाई हणमंत."

पुकारणाराही पंगतीला गेला होता, म्हणून मीच पुकारलं आणि पुन्हा यादीकडं बघितलं. हणमंत तात्यांनी पुन्हा ऊस लावला होता आणि अर्धं रान बायकोच्या नावावर केलं होतं. बायकोचं नाव हौसा. म्हणजे रांगेत त्याचा टिचभर फायदा नाही. तरी केलं होतं. अख्ख्या गटात फायदा नसताना बायकोच्या नावावर रान करणारा तो एकटा, जसा त्या दिवशी खरोखर ऊस लावणारा तो एकटा होता.

हौसाबाई पायऱ्या चढून आल्या. साठीच्या, सडसडीत, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. साडी संपलीय हे त्यांनी बघितलं आणि काही वाटून घेतलं नाही. त्यांच्या हातात शेंड्याच्या हिरव्या वाढ्यासकट एक ऊस होता. तो त्यांनी माझ्या हारावर टेकवला.

"ह्यांनी दिलाय. मोजा म्हनले."

समोर दोन-तीनशे लोक ताटं घेऊन बसलेले. त्यांना वाटलं हाही सत्काराचाच भाग. टाळ्या वाजल्या. मी स्टेजवर उभा राहून कांड्या मोजायला लागलो. एकदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तीस भरल्या. तोड सुरू व्हायला अजून दीड-दोन महिने होते.

"ह्यो बी शेवटीच का?" हौसाबाईंनी हळू आवाजात विचारलं. "तसं सांगा म्हंजे आम्हाला ठावं राहील. ह्यांनी औंदा जनावरं कमी केल्यात. खायला घालायचा म्हणलं तर घालायचा कुणाला?"

मी जेवायला गेलो नाही. हार काढून ऑफिसात गेलो आणि ती ओळ बदलली. तारीख सारखी आली तर नाव बघायचं नाही, कांड्या बघायच्या. त्यासाठी रानोरान जाऊन कांड्या मोजणारा माणूस लागणार होता. अनुभवी माणूस एकच. मन्मथप्पांची मोटारसायकल पुन्हा सुरू झाली आणि गावोगाव चहाची आधणं चढली. चेअरमनना मी सांगितलं, की सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आलीय. ते म्हणाले, "अरे वा." बाकीच्या कारखान्यांनीही ती घेतली. माझी भरभराट झाली, ती थांबवणं माझ्या हातात उरलं नव्हतं.

बाराखडी गेल्याचं कळल्यावर शिवाजी, संभाजी आणि मंडळी पुन्हा तलाठ्याच्या दारात गेली, रानं परत आपल्या नावावर करायला. त्यासाठी बायकोची सही लागते. विठ्ठलच्या अंजनाबाईनं तलाठ्यासमोर सांगितलं, "असू द्या आता. कवर खाडाखोड करायची कागदाची?" बाकीच्यांनीही जवळजवळ हेच सांगितलं. त्या एका धपाट्याच्या जेवणापायी झालेलं हे एवढंच काम माझं म्हणून सांगावंसं वाटतं, आणि त्यात माझा काही हात नव्हता.

त्या हंगामात पहिली चिठ्ठी हौसाबाईंची निघाली. मन्मथप्पांनी मला फोन करून सांगितलं. मी लातूरहून मुद्दाम गेलो. टोळी ऊस तोडत होती, ट्रॅक्टर बांधावर उभा होता, हौसाबाई मोळ्यांकडं लक्ष ठेवून होत्या. तात्या बांधावर बसले होते. मी शेजारी बसलो.

"कॉम्प्युटर सुधारला म्हनं," तात्या म्हणाले.

"हो."

"लई चांगलं झालं." त्यांनी मोळीतला एक ऊस ओढून घेतला. "मंग त्या साली बी सुधारता आला असता का?"

चार कारखान्यांच्या कचेऱ्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. शेतात कीबोर्ड नव्हता, म्हणून मी माझ्या बुटांकडं बघितलं. मग वर बघितलं.

"आला असता, तात्या. संक्रांतीलाच आला असता. कॉम्प्युटर काही ठरवत नव्हता. मी ठरवत होतो."

तात्यांनी तो ऊस गुडघ्यावर मोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला.

"ठावं व्हतं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर कवा खाली बघून बोलत न्हाई."